वारुळाचं दुसरं तोंड

"देवाच्या बिळाला हात लावलास तर हात मुळापासनं उपटून तुज्याच गळ्यात बांदीन," बायडाबाई म्हणाली. पदर कमरंला खोचलेला, आन् बाई बरोबर वारुळाच्या आन् कृष्णातच्या मदी उभी, बांदावर दगूड रोवल्यागत.

कृष्णातच्या एका हातात राकेलची बाटली, दुसऱ्या हातात चिंध्या गुंडाळलेली काठी. "काकू, सरा बाजूला. त्यो देव न्हवं. आत गांदीलमाश्या हैत."

"गांदीलमाशी जमिनीत ऱ्हाती व्हय रं? उद्या म्हणशील, मासा लिंबावर अंडी घालतोय."

"म्या डोळ्यानं बगितल्यात. आत जाताना, भाईर येताना."

"शाळंत ह्या डोळ्यास्नी फळा दिसत न्हवता. माश्या बऱ्या दिसत्यात."

चुलीम्होरनं उठून आलेली साळूबाई, कृष्णातची आई, ह्या बोलण्यावर हसली. कृष्णातचं डोस्कं तितंच फिरलं. सोताच्या आईनं हसावं? त्यानं काठी खाली आपटली, शेजारच्या शेणीच्या ढिगाला लाथ घातली, आन् पायाचं बोट धरून मटकन् खाली बसला.

झालं व्हतं असं. घरामागं परड्यात, बोरीच्या बुडाला, मांडीएवढ्या उंचीचं एक जुनं वारूळ व्हतं. येरळाकाठच्या त्या वाडीतल्या समद्या बाया पंचमीला तितंच यायच्या. लाह्या, दूध, हळदकुकू वाहायच्या, आन् मग वारुळाभवतीनं फेर धरून जमीन हादरंपतूर नाचायच्या. गाणी सांगायची बायडाबाईनं. ती शेजारीण, भावकीतली, आन् आवाज असा की नदीपल्याडची म्हस कान टवकारंल. आपुन फेर धरतो म्हणून वाडीत पंचीम हुती, असं तिचं सोताचं म्हणणं. ते खोटं पाडायची कुणाची छाती न्हवती.

त्या साली, म्हंजे चौऱ्याहत्तरला, वारुळातनं आवाज याया लागला. वाकून कान दिला की आत कोणतरी दम धरून सोडतंय असं वाटायचं. बायडाबाईनं हातभर लांबनं ऐकलं आन् डोळं झाकून हात जोडलं. नागोबा फुसकारतोय. दुष्काळात रागानं निगून गेलता, आता माघारी आलाय. मग काय, समदी आळी लोटली. कुणी अंडं ठिवलं, कुणी नारळ. यंदा फेर एकाला दोन धरायचं ठरलं, एक आतला, एक भाईरचा. देव जागा हाय म्हटल्यावर कसर कशाला?

कृष्णातला दिसलं ते येगळंच. मास्तरनं कान पिळला म्हणून दप्तर हिरीत फेकून त्यानं सातवीतनं शाळा सोडली, तवापासनं त्यो म्हसरं राखायचा. बूड एका जागी टेकायचं न्हाई, पर नजर घारीची. चित्तर पाखराचं अंडं, सशाची वाट, कुणाच्या बांदावर कुणाची शेळी, समदं त्याला आदी दिसायचं. आन् त्याला दिसलं की वारुळाच्या बुडाला मुठीएवढं जे भोक हाय, त्यातनं काळ्याकुट्ट माश्या सुटत्यात. बोटाच्या पेराएवढी एकेक, पोटावर पिवळा पट्टा. एक आली की एक गेली, स्टँडावरनं एश्ट्या सुटाव्यात तशा. आत खरंच नागोबा असला तर बिचारा आतापतूर सुजून रताळं झाला आसंल.

माश्या असत्या तर असत्या, त्याला काय. त्यानं वाट बदलली असती. पर उद्याच्या पंचमीच्या फेरात जाईआक्का नाचणार व्हती.

जाई त्याची थोरली बहीण. उन्हाळ्यात लगीन होऊन जतकडं गेलती. दाजी फौजेत. लग्नानंतरची ही तिची पयली पंचीम, आन् सासूनं कसंबसं दोन दिस माहेरी लावून दिलती. ह्याच जाईला लहानपणी गुऱ्हाळात एक गांदीलमाशी मानंला चावलेली. एकच. घटकाभरात तोंड सुजून डोळं मिटलं, जीभ जड झाली, आन् दम शिट्टीगत वाजाया लागला. आबानं, म्हंजे बापानं, सायकलीवर टाकून इट्याला न्हेली. डाक्टरनं सुई टोचली म्हणून पोरगी ऱ्हायली. पर त्यानं बजावून सांगितलं, पुन्यांदा चावली तर हितवर याया येळ मिळंलच असं न्हाई. सायकलीमागं पळत गेलेल्या कृष्णातच्या कानात ती शिट्टी अजून व्हती.

"आये, आक्काला एक जरी चावली तर?" बोट चोळत त्यो आईला म्हणाला.

"अभद्र बोलू नगंस. आज भावाचा उपास हाय. तिनं तुज्यासाटनं पाण्याचा थेंब घेतला नसंल."

कृष्णातनं खिशातनं काड्याची पेटी काढून उघडली. आत मेलेली गांदीलमाशी. "हिथनंच धरली. पंच्यानं हाणून."

बायडाबाईनं मान लांब करून पेटीत बगितलं. "देवाच्या दारात माशी फिरली म्हणून देव माशी हुतो काय रं? माज्या दारात तू फिरतोस, मग मी काय किष्ण्या झालो?"

आई पुन्यांदा हसली. मग बायडाबाई हळूच, पर आईला ऐकू जाईल अशी बोलली, "साळू, भावाच्या उपासाच्या दिशी भावानं नागाला आग लावली, तर त्ये कुणावर उलटंल, इचार कर." आईचं हसू जागच्या जागी वाळलं. तिनं कृष्णातच्या हातनं राकेलची बाटली हिसकावली आन् आत नेऊन कणगीमागं ठिवली.

दुपारच्या एश्टीनं जाई आली. हिरवी साडी, हातभर बांगड्या, चेहरा उपासानं उतरलेला, पर बोलणं सुटलेलं. पाय धुवायच्या आदी कृष्णातनं तिला परड्यात वढत न्हेली आन् लांबनंच दावलं.

"ती बग. ती गेली आत. आता दुसरी निगंल."

जाईचा हात आपसूक मानंवर गेला. "व्हय रं," ती म्हणाली. "त्याच हैत."

"मग सांग की आयेला."

"सांगून काय हुतंय? बायडाकाकू म्हणंल, सासरी गेली आन् माहेरचा देव नगंसा झाला. सासूला सांगून आलोय मी, आमच्याकडं पंचीम कशी असती ते. समद्या पोरी माज्यासाटनं थांबल्यात." मग तिनं त्याच्या डोळ्यात बगितलं. "तू कायतरी कर. पर आग लावू नगंस. खणू बी नगंस. आत खरंच त्यो असला तर?"

"आत त्यो न्हाई."

"असला तर, म्हणलं मी."

आता आली का पंचाईत. आग न्हाई, खणायचं न्हाई, मारायचं न्हाई. आन् उद्या तर पंचीम, जमिनीत कुदळच काय, नख रोवायची बी बंदी. जे करायचं ते आजच. कृष्णात परड्यात पिंजऱ्यातल्या वाघागत येरझाऱ्या घालाया लागला. म्हसरं पाण्याला न्ह्यायची ऱ्हायली, आबा रानातनं येऊन वरडून परत गेला, ह्याला कशाचीच सुद न्हाई. आन् मग गोठ्याच्या भिताडाला टेकवलेलं लोखंडी घमेलं त्याला दिसलं.

बिळावर घमेलं पालथं घालायचं. कडंनं चिखल थापायचा. माशी मेली न्हाई, देव दुखावला न्हाई, खणलं न्हाई, पेटीवलं न्हाई. पंचीम झाली की घमेलं काढायचं आन् मोकळं. घमेलं बगून बायडाबाई काय म्हणंल, ह्याचा इचार त्याच्या डोस्क्यात आलाच न्हाई. कृष्णातला सोताचीच पाठ थोपटावी वाटली.

त्यानं नदीचा गाळ आणून शेण घालून तुडवला. दिस बुडायच्या बेताला माश्या घराकडं वळल्या. त्यो लिंबाच्या आडोशाला बसून बगत व्हता. येतायत, येतायत, थोड्या उरल्या, आता न्हाई. आबाचं घोंगडं डोस्क्यावरनं घेऊन, घमेलं छातीशी धरून त्यो मांजरागत पुढं सरला. बिळाजवळ आला तसा आतला आवाज पायाच्या तळव्यास्नी कळाया लागला. मागं पळावं वाटलं, आन् मजा बी वाटली. असली मजा सातवीच्या पुस्तकात कुटं व्हती?

घमेलं पालथं पडलं. आत एकदम शंभर पितळ्या वाजल्यागत झालं. कृष्णातनं दोन्ही हातांनी चिखल थापला, पुन्यांदा थापला, कडा दाबल्या. मागं ऱ्हायलेली एक माशी तेवढ्यात आली आन् घोंगड्यात शिरून कानाच्या पाळीला डसली. त्यानं दात खाल्लं पर वरडला न्हाई. वरडला असता तर बायडाबाई आली असती.

घरात आईनं कान बगितला. पुरीगत फुगलेला. "काय चावलं रं?"

"नागोबा," कृष्णात म्हणाला, आन् पाठीत धपाटा खाल्ला. जाईनं हळद आन् चुना लावला.

सकाळी उजाडायच्या आदी त्यो परड्यात. घमेलं जागेवर, चिखल वाळून पांढरा पडलेला. जवळ गेला, कान दिला. आत घूं-घूं, पर भाईर एक बी न्हाई. कृष्णातची छाती इंचभर वर आली. घरात चुलीवर पुरणाची दिंडं उकडत व्हती, पंचमीला चालत न्हाई म्हणून तवा उचलून ठिवलेला. जाईनं मेंदी लावलेली, केसात आगाड्याचा तुरा. आज आक्का नाचणार आन् बायडाबाईला कळणार बी न्हाई की देवानं न्हवं, किष्ण्यानं राखली.

लांबनं गाणं आलं. बाया आळीतनं निगाल्या. बायडाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर.

कृष्णात लिंबावर चढून बसला, बगायला बरं म्हणून. आन् वरनं त्याला दिसलं.

बोरीची एक जाड मुळी जमिनीतनं वर येऊन परत जमिनीत शिरत व्हती, वारुळापासनं चार हातांवर. तिच्या बगलंत एक चीर. चिरंतनं काळं डोस्कं भाईर आलं. पिवळा पट्टा आला. माशी मुळीवर बसली, पाय झाडलं, उडाली. तिच्या मागनं दुसरी. मग तीन एकदम. त्या कुटं लांब जाईनात. घमेल्यावर जाऊन आदळत व्हत्या, माघारी येऊन मुळीवर बसत व्हत्या. रातभर कोंडलेल्या, चिडलेल्या. वारुळाला दुसरं तोंड व्हतं, आन् ते बरोबर तितं, जितं दरसाल बाया फेर धरत्यात.

अंगावर काटा न्हाई, काटंरी कुंपाण उभं ऱ्हायलं त्याच्या. त्यानं वरनंच उडी टाकली.

बाया परड्याच्या तोंडाशी आल्या. म्होरं बायडाबाई, हातात पितळंचं ताट, ताटात लाह्या, दुधाची वाटी, हळदकुकू. तिच्या बगलंला जाई. मागं आई आन् आळीतल्या झाडून समद्या बाया-पोरी.

"थांबा," कृष्णात दोन्ही हात पसरून आडवा झाला. "म्होरं याचं न्हाई. आक्का, मागं फिर."

बायडाबाईचं लक्ष त्याच्याकडं न्हवतंच. ते घमेल्याकडं व्हतं. तिचं तोंड उघडं ते उघडंच ऱ्हायलं.

"देवाला कोंडलंस?" आवाज आदी बारीक निगाला, मग वाढत गेला. "आगं बायांनू, ह्यानं पंचमीच्या दिशी नागोबाला घमेल्याखाली कोंडलाय. साळू, काय प्वॉर जन्माला घातलंस गं हे?"

"काकू, त्या मुळीकडं बगा. तितं दुसरं..."

"सर बाजूला. मी काढतो ते घमेलं आदी."

ती निगाली बी. दाणदाण पाय आपटत. चिरंतल्या माश्यांनी पंख ताठ केलं, कृष्णातला ते स्पष्ट दिसलं. जाई तिच्या मागं दोन पावलांवर. आता सांगून उपेग न्हवता. सांगणं काल दिसभर करून झालं व्हतं. मारामारी केली असती तर बाया तितंच गोळा झाल्या असत्या. कृष्णातच्या डोस्क्यात एकच गोष्ट आली, आन् इचार करायच्या आदी हातांनी केली. त्यानं बायडाबाईच्या हातातलं ताट हिसकावलं. दूध बोरीच्या बुडाला सांडलं. ताट छातीशी धरून त्यो सुटला, बायांच्या मदनं, परड्याच्या भाईर, आळीनं खाली.

मागं पूर फुटला.

"धरा त्याला. ताट न्हेलं देवाचं."

नऊवारीचं काष्टं वर खोचलं गेलं. बांगड्या वाजल्या. कृष्णातनं वळून बगितलं, तर बायडाबाई सगळ्यांच्या म्होरं, साठी गाठलेली बाई, पर अशी पळत व्हती की शर्यतीचा खोंड मागं पडावा. जाई व्हती का? व्हती. हिरवी साडी वर धरून, "किष्णा, आरं ठिव ते," म्हणत पळत व्हती. ब्येस. समदी वरात माग धरून आली पायजे, एक बी मागं ऱ्हायला नगं. त्यानं ताटातल्या लाह्या मुठीनं उधळल्या, बायांचा राग वाढावा म्हणून. राग वाढला. कुणीतरी चप्पल मारली ती त्याच्या सुजल्या कानाला लागली.

"काकू, दमला काय?" त्यो वरडला. "माजी म्हस तुमच्यापरीस जोरात पळती."

"थांब तुज्या," बायडाबाईला म्होरचं बोलाया दम न्हवता.

मारुतीच्या देवळाम्होरच्या फरशीवर येऊन त्यो थांबला. म्होरं भिंत व्हती म्हणून बी, आन् परड्यापासनं लांब आलो म्हणून बी. बायांनी येढा दिला. बायडाबाईनं ताट काढून घेतलं आन् त्याच ताटानं त्याच्या डोस्क्यात हाणलं. ठण्ण वाजलं. आईनं दोन लगावल्या. कृष्णात हाणून घेत व्हता, आन् बायांच्या डोस्क्यावरनं हिरवी साडी शोधत व्हता. हाय. धापा टाकतीया, पर दम नीट हाय. शिट्टी न्हाई.

"दात काढतोस आन् वर?" आईनं तिसरी उगारली.

तेवढ्यात आळीच्या वरल्या अंगानं केकाटणं आलं. बायडाबाईचं तांबडं कुत्रं. बोरीखाली सांडलेलं दूध चाटाया गेलतं. शेपूट पोटात घालून, कान पाडून, आडवंतिडवं पळत ते थेट देवळाकडं आलं आन् फरशीवर लोळाया लागलं. त्याच्या नाकावर एक, पाठीवर दोन, काळ्या, पिवळ्या पट्ट्याच्या. कृष्णातनं म्होरं हून पायताणानं तिन्ही चिरडल्या. मग एक चिमटीत धरून बायडाबाईम्होरं धरली.

"ही जमिनीतली," त्यो म्हणाला. "झाडावरची न्हवं."

आईचा उगारलेला हात हळूहळू खाली आला, आन् खाली येता येता तिनं जाईचा दंड धरला, घट्ट, पोरीला दुखंल इतका. जाईनं माशीकडं बगितलं, मग भावाकडं.

"ताट कशाला पळीवलंस रं? नुसतं सांगायचं."

"सांगितलं की. कोण ऐकतंय."

बायडाबाईनं पदरानं घाम पुसला. कुत्र्याकडं बगितलं, माशीकडं बगितलं. "माश्या असत्याल," ती म्हणाली. "पर त्या देवाच्या राखणीच्या. आन् तू देवाला कोंडलंस ते कोंडलंसच."

"व्हय काकू. कोंडलं."

पंचीम काय बुडली न्हाई. जाईनं जवळच्या घरातनं आणलेल्या दुधात हळद कालवून देवळाच्या फरशीवर बोटानं नाग काढला, फणा चांगला रुंद, डोळ्याच्या जागी दोन काळं खडं. बायांनी हळदकुकू वाहिलं, फरशीवरच्या लाह्या गोळा करून वाहिल्या. फेर बी एकाला दोन झालं. बायडाबाईनं पयलं गाणं रागानं फुगलेल्या तोंडानं सांगितलं, पर तिसऱ्या कडव्याला आवाज सुटला, आन् फरशी अशी वाजाया लागली की मारुतीनं बी गदा आवळून धरली आसंल. जाई आतल्या फेरात. डोस्क्यातला आगाडा सुटून लोंबत व्हता, त्याची तिला सुद न्हवती.

कृष्णात कट्ट्यावर बसून बगत व्हता. कान ठणकत व्हता, डोस्क्यावर टेंगूळ, पर आतनं असं कायतरी उड्या मारत व्हतं की गप बसवंना. फेर मोडला तशी जाई त्याच्याकडं आली. घरनं आणलेल्या टोपलीतलं एक दिंड मोडून तिनं त्याच्या तोंडाम्होरं धरलं.

"घे. तू खाल्लंस की मी खातो. कालपासनं पोटात काय न्हाई."

त्यानं तोंड उघडलं, आन् उघडंच ठिवलं. फुगड्या सुरू झाल्या व्हत्या. गाणं चाललं व्हतं. पर गाणं सांगणारा आवाज येगळा व्हता, पातळ. त्यानं येढ्यावरनं नजर फिरवली. एकदा. दोनदा. पितळंचं ताट बी कुटं न्हवतं.

"आक्का, बायडाकाकू कुटं हाय?"

"आत्ता गेली की वर. म्हणली, देवाची माफी मागून येतो आन् ते घमेलं..."

कृष्णात कट्ट्यावरनं खाली आला व्हता. आबाचं घोंगडं घराच्या वळचणीला, नदीकडनं गेलं तर लवकर पोचता येईल.

"तू हितनं हलू नगंस," त्यो म्हणाला. "मला आता जायाला पायजे."